खुंट आणि डोळा

जिला मी कधी भेटले नाही, तिचं माझ्यावर ऋण आहे. आणि ते फेडायचं आहे आमच्या वरूडच्या शाळेतल्या एका पोरीपाशी.

पोरगी खो-खोत चपळ, क्रिकेटमध्ये मुलांच्या बरोबरीची. दोन्हींची निवड चाचणी एकाच आठवड्यात आली, तेव्हा मी क्रीडाशिक्षिकेच्या तोऱ्यात म्हणाले, "दोन डगरींवर पाय ठेवू नको."

"म्याडम, मले दोन्ही आवडते," एवढंच ती बोलली. मी क्रिकेटच्या यादीतून तिचं नाव खोडलं. नववीत मलाही कुणी असंच अडवलं होतं, हे तेव्हा आठवलं नाही. शिकले होते मात्र अमरावतीच्या हनुमान आखाड्यात. १९३६ साली बर्लिनला कबड्डी दाखवून आलेल्या त्या आखाड्यात एका खेळावर कुणी थांबत नसे.

मग ३० ऑक्टोबर २०२५ची रात्र आली. महिला विश्वचषकाची उपांत्य फेरी, ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा. त्याच स्पर्धेत एका सामन्यातून वगळली गेलेली जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद १२७ धावा करून, सामना जिंकूनच परतली.

"एवढी खाली वाकून कशी खेळते वं ही?" बाबांनी विचारलं. मी सांगितलं, मुंबईची पोरगी, शाळेत असताना महाराष्ट्राकडून हॉकी खेळायची. सतराव्या वर्षी औरंगाबादला, एकोणीस वर्षांखालच्या एकदिवसीय सामन्यात तिनं नाबाद २०२ काढल्या होत्या.

बाबांचा जन्म शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांत कलमा बांधण्यात गेला. ते म्हणाले, "म्हंजे खुंट हॉकीचा अन् डोळा क्रिकेटचा. आपली कलम काय येगळी हाये, बाई?"

जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. वर फळ संत्र्याचं, पण खाली मातीशी झुंजतात ती आंबट जंबेरीची मुळं. मी त्या पोरीला यातलं एक उपटून टाक म्हणत होते.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर तिला बोलावलं आणि चूक माझी होती, असं सांगितलं. ती रागावली नाही, "मंग आता दोन्ही खेळू?" म्हणाली. तिचं गेलेलं वर्ष मला परत देता येत नाही. खो-खोचा सराव आटोपला की मी तिला यष्टीमागे उभी करते. पाटीवर बसून कळलेलं तिचे गुडघे विसरत नाहीत; चेंडू खाली राहिला तरी तिच्या हातून सुटत नाही.