'लॉयल' : कोणाशी?

वडील गेल्यावर त्यांची कागदपत्रे लावताना १९७४ सालचे एक इंग्रजी पत्र हाती आले. त्या वर्षी ८ मे रोजी सुरू झालेल्या देशव्यापी रेल्वे संपात ते कामावर हजर राहिले होते. अशा कर्मचाऱ्यांसाठी सरकारी परिभाषेत एक विशेषण रूढ झाले होते : 'लॉयल'. भुसावळच्या आमच्या वसाहतीत मात्र त्याचा उच्चार शिवीसारखा होई.

मी इंग्रजी शिकवतो. हा शब्द आला की आजवर फळ्यावर 'एकनिष्ठ' असे लिहून पुढे जात असे. पत्र वाचल्यानंतर प्रथमच हात अडखळला.

व्युत्पत्तीच्या दृष्टीने 'लॉयल' आणि 'लीगल' ही सख्खी भावंडे. दोहोंचे मूळ लॅटिन 'लेगालिस', म्हणजे कायद्याला धरून असलेले. 'लीगल'ने लॅटिन रूप बरेचसे जपले. 'लॉयल' मात्र फ्रेंचमधून झिजून आला आणि कालांतराने कायद्याचा शब्द न राहता अंतःकरणाचा झाला. १९७४ साली संप बेकायदा ठरवला गेला, तेव्हा ही दुरावलेली भावंडे पुन्हा एकत्र आली. कायद्याच्या बाजूला राहिला, तो लॉयल!

मराठी 'निष्ठा' शब्दाच्या मुळाशी 'स्था' धातू आहे. ठामपणे उभे असणे त्यात अभिप्रेत आहे. साहजिकच, कुठे उभे, हा प्रश्न येतो. स्वामिनिष्ठा, राजनिष्ठा, ध्येयनिष्ठा : समासात विषय आधी, निष्ठा मागाहून. राजकारणातला 'निष्ठावंत' हल्ली विषयावाचून हिंडतो खरा, पण 'कोणाचा?' हे ऐकणाऱ्याच्या मनात येतेच. पत्रातल्या 'लॉयल'ने तो प्रश्न उद्भवूच दिला नव्हता.

शेजारचे काका संपात होते. त्यांची नोकरी गेली. त्यानंतर वडील त्यांच्या दारावरून जाणे टाळून लांबच्या वाटेने ड्यूटीवर जात. घरात आम्ही तीन मुले होतो, आजी अंथरुणाला खिळलेली होती. त्यांच्या हजेरीला कुटुंबनिष्ठा म्हणावे की भय, याचा निर्णय मला करता येत नाही. मात्र त्या लांबच्या वाटेत मित्राविषयीची काही निष्ठा शिल्लक होती, असे वाटते. तिची नोंद पत्रात असणे शक्य नव्हते.

आता वर्गात मी प्रतिशब्द देत नाही. 'लॉयल, पण कोणाशी?' असे विचारतो. वडिलांना तेवढे विचारायचे राहून गेले.