फळीवरच्या चार वस्तू आणि एक नसलेली

दर वर्षी ऑगस्ट महिना लागला की आपल्या समूहातील जुन्या कुटुंबांकडे नव्याने येणाऱ्या विद्यार्थिनींचे प्रश्न येऊ लागतात. विमानाच्या बॅगेत तेवीस किलोंहून अधिक सामान मावत नाही; तेव्हा खोबरेल तेल सोबत आणावे की तिथे मिळते, थंडीत चेहऱ्याला काय लावायचे, तिथल्या पाण्याने केस गळतात हे खरे का, असे हे प्रश्न असतात. वरवर पाहता ते किरकोळ वाटतात. परंतु घरापासून बारा हजार किलोमीटरांवर एकटीने राहणाऱ्या मुलीसाठी स्वतःच्या शरीराची निगा हा किरकोळ विषय नसतो. पदव्युत्तर शिक्षणासाठी मी वॉटर्लूला आले, त्याला आता दहा वर्षे झाली. मी संगणक अभियंता आहे, त्वचारोगतज्ज्ञ नव्हे. तरीही या दहा वर्षांत माझ्या न्हाणीघरातल्या फळीवर ज्या चार वस्तू टिकून राहिल्या त्यांच्याविषयी, आणि जी वस्तू मी तिथे कधीच येऊ दिली नाही तिच्याविषयी, लिहावे असे वाटले.

पहिली वस्तू साबणाची वडी. पण तिच्याआधी पाण्याविषयी सांगितले पाहिजे. टोरॉन्टोला सरोवराचे पाणी मिळते. वॉटर्लू, किचनर, ग्वेल्फ या शहरांचे पाणी मात्र मुख्यत्वे जमिनीखालून येते. चुनखडीच्या थरांतून झिरपताना त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळते. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात ज्याला दुष्फेन पाणी म्हणत, ते हेच. त्यात साधा साबण फेसाळत नाही. त्याचा न विरघळणारा साका होतो आणि तो अंगावर व केसांवर बसतो. अनेक घरांत पाणी मृदू करणारे यंत्र असते, पण भाड्याच्या खोलीत ते असेलच असे नाही. म्हणून मी डव्हची बिनवासाची वडी वापरते. ती रूढ अर्थाने साबण नाही. साध्या साबणाचा सामू नऊ-दहाच्या घरात असतो, त्वचेचा पाचाच्या आसपास; ही वडी त्वचेला पुष्कळच जवळची आहे. केसांसाठी पंधरवड्यातून एकदा असा शाम्पू वापरावा, ज्याच्या घटकांत ‘ईडीटीए’ हा शब्द आढळतो. तो केसांवर बसलेले क्षार सोडवतो.

पाण्याचा विषय निघाला की आपल्या घरांत इतिहास आपोआप येऊन बसतो. माझी आजी बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. तिच्या लहानपणी केस धुण्यासाठी चिकणमाती असे, आणि तीही पाणी मिळाले तर. कुणीतरी वरून ओतेल तेव्हा घागर भरायची, हा तिचा अनुभव होता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले आणि त्यानंतर ते तळे शेण-गोमूत्राने ‘शुद्ध’ करण्यात आले, हे आपण सारे जाणतो. ज्यांना पाण्यापासून दूर ठेवले, त्यांनाच अस्वच्छ म्हणायचे, हा त्या व्यवस्थेचा न्याय होता. त्यामुळे नळ सोडून हवे तितका वेळ न्हाण्याचे सुख मला कधीच सामान्य वाटलेले नाही. जगातले पहिले सौंदर्यप्रसाधन पाणी आहे, आणि आपल्या पूर्वजांना त्यासाठी लढावे लागले.

दुसरी वस्तू खोबरेल तेल. ते भारतातून आणण्याची आवश्यकता नाही. पॅराशूटची निळी बाटली इथल्या कोणत्याही भारतीय किराणा दुकानात मिळते. खोबरेल साधारण चोवीस अंशांखाली थिजते, त्यामुळे कॅनडातल्या घरात ते जवळजवळ वर्षभर घट्टच असते. बाटलीऐवजी रुंद तोंडाचा डबा घ्यावा. आईने डोक्यावर तेल थापताना दिलेली सगळी कारणे खरी नसतील, पण एक कारण प्रयोगशाळेतही टिकले. खोबरेलातील लॉरिक आम्ल केसाच्या आतपर्यंत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते. सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांत तो गुण आढळला नाही. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. तो करणारे संशोधक मुंबईच्या मॅरिको कंपनीचे, म्हणजे पॅराशूट विकणाऱ्यांचेच होते, हेही वाचकांना ठाऊक असावे. विक्रेत्याचे संशोधन खोटेच असते असे नाही. पण ते कुणाचे आहे हे विचारण्याची सवय चांगली. माझी पद्धत सोपी आहे. शनिवारी रात्री तेल लावायचे, रविवारी सकाळी केस धुवायचे. तेलाचा वास कार्यालयात कुणाला खटकेल म्हणून अनेक मुली तेल सोडून देतात. त्यांना मी एवढेच सांगते की दिवस बदला, तेल सोडू नका.

तिसरी वस्तू मलम. इथल्या हिवाळ्यात बाहेर उणे वीस अंश असते आणि घरात भट्टीची कोरडी ऊब. दोन्ही मिळून त्वचेतले पाणी ओढून घेतात. सावळ्या त्वचेवर हा कोरडेपणा राखेसारखा पांढरट दिसतो, आणि दुर्लक्ष केले तर नडग्यांना भेगा पडून रात्रीची झोप उडते. उपाय महाग नाही. अंग पुसून कोरडे ठणठणीत करू नये. ओलसर असतानाच त्यावर जाडसर क्रीम लावावे. मी ग्लॅक्सल बेस वापरते. इथल्या औषधांच्या दुकानांत ते मोठ्या डब्यात मिळते, त्याला वास नाही आणि जाहिरातीचा डौलही नाही. ओठ, टाचा आणि बोटांची पेरे यांसाठी साधे व्हॅसलीन. रॉबर्ट चेसब्रो यांनी खनिज तेलाच्या विहिरींवर साचणाऱ्या गाळापासून ते तयार केले आणि १८७२ साली त्याचे पेटंट घेतले. दीडशे वर्षांत त्याच्याहून स्वस्त आणि भरवशाचे झाकण त्वचेला मिळालेले नाही. झाकण हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरते. व्हॅसलीन स्वतः पाणी देत नाही. असलेले पाणी उडू देत नाही. म्हणून ते क्रीमच्या वर लावायचे.

चौथी वस्तू सनस्क्रीन. आपल्याला त्याची गरज नाही, असे आपल्याच माणसांकडून मी पुष्कळदा ऐकले आहे. आपल्या त्वचेतील मेलॅनिन उन्हापासून काही प्रमाणात संरक्षण करते हे खरे. पण पुरळ बरे झाल्यावर राहणारे काळसर डाग आणि गालांवरचे वांग उन्हानेच गडद होतात. हिवाळ्यातही ताजा बर्फ उन्हातली अतिनील किरणे परत चेहऱ्यावर फेकतो. कॅनडात सनस्क्रीन सौंदर्यप्रसाधन मानले जात नाही. त्यावर ‘डीआयएन’ किंवा ‘एनपीएन’ या अक्षरांपुढे आठ आकडी क्रमांक छापलेला असतो. तो नसेल तर ती बाटली घेऊ नये. झिंकयुक्त सनस्क्रीन आपल्या चेहऱ्यावर पिठासारखे पांढरे दिसते, म्हणून पुष्कळजणी ते टाकून देतात. अशा वेळी किंचित तपकिरी छटेचे घ्यावे. ती छटा लोहाच्या ऑक्साइडची असते, आणि दृश्य प्रकाशाने वाढणारे डागही ती रोखते. मी ते डाग आणि जळजळ टाळण्यासाठी लावते, रंग उजळावा म्हणून नव्हे. उन्हात फिरून मी काळी झाले तर त्यात बिघडण्यासारखे काहीच नाही.

इथे पाचव्या, नसलेल्या वस्तूकडे येते. १९७५ साली दोन गोष्टी घडल्या. अमेरिकन त्वचातज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी त्वचेच्या प्रकारांची मोजपट्टी मांडली. तिच्यात आरंभी केवळ गोऱ्या त्वचेचे चार प्रकार होते. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे पाचवा आणि सहावा हे प्रकार नंतर जोडले गेले. त्याच वर्षी भारताच्या बाजारात ‘फेअर अँड लव्हली’ आली. एका मोजपट्टीत आपण नव्हतोच, आणि दुसरीने आपल्याला दोष म्हणून मोजले. २०२० मध्ये त्या क्रीमचे नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. नाव बदलले, पण मागणी नावामुळे निर्माण झाली नव्हती.

माझी परभणीची मावसबहीण शिकलेली, नोकरी करणारी मुलगी आहे. तीन वर्षांपूर्वी तिच्या लग्नाचे पाहू लागले आणि दोन ठिकाणांहून ‘मुलगी सावळी आहे’ असा निरोप आला. दोन्ही घरे आपलीच, दिवाणखान्यात बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमा असलेली. त्यानंतर कुणीतरी सुचवलेली एक नळी तिने औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणली. तिच्यात स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांचे मिश्रण होते. डॉक्टर हे मिश्रण काही डागांसाठी मोजके आठवडे, देखरेखीखाली देतात. हिने ते रोज, संपूर्ण चेहऱ्यावर, पाच महिने लावले. पहिल्या महिन्यात चेहरा उजळला आणि घरात आनंद झाला. मग त्वचा पातळ होऊन लाल शिरा दिसू लागल्या, पुरळ उठले, आणि मलम थांबवताच चेहरा आग झाल्यासारखा पेटू लागला. त्वचारोगतज्ज्ञांच्या उपचारांनी तो निवायला वर्ष लागले. त्या वर्षात तिने एकही छायाचित्र काढू दिले नाही.

तिची अवस्था पाहून मला बाबासाहेबांच्या महाडमधील दुसऱ्या भाषणाची आठवण होत राहिली. डिसेंबर १९२७ मध्ये, मनुस्मृतीच्या दहनानंतर, त्याच परिषदेच्या अखेरीस ते खास स्त्रियांशी बोलले. लुगडे कसे नेसावे, अंगावर कोणते दागिने ठेवू नयेत, स्वच्छ कसे राहावे, इतक्या रोजच्या गोष्टींवर ते बोलले. गळ्यातल्या जाड सरी आणि हातांतले जड दागिने ही त्या काळी जातीची ओळखचिन्हे होती. ती उतरवून ठेवा, असा त्यांचा आग्रह होता. समाजाने लादलेली खूण काढून टाका, असे त्यांनी सांगितले. जन्मासोबत आलेली त्वचा काढून टाका, असे सांगितले नाही. लुगडे बदलून त्या स्त्रिया अधिक ताठ उभ्या राहिल्या. माझी बहीण चेहरा बदलायला गेली आणि आरशापासून लपली. स्वाभिमानाने केलेली निगा आणि लाजेपोटी केलेली निगा यांत एवढे अंतर आहे.

धम्मातही हा भेद स्पष्ट आहे. उपोसथाच्या दिवशी अष्टशील पाळणारा उपासक गंध, माळा आणि विलेपन यांपासून दूर राहतो. पण विनयपिटकात, महावग्गाच्या औषधांविषयीच्या प्रकरणात, आनंदांचे उपाध्याय बेलट्ठसीस यांची कथा येते. त्वचारोगामुळे त्यांचे चीवर अंगाला चिकटत असे. बुद्धांनी त्यांना सहन करण्याचा उपदेश केला नाही. अशा रुग्णांसाठी चूर्ण वापरण्याची अनुज्ञा दिली. मिरवण्यासाठी लावलेले वेगळे आणि दुःख निवारण्यासाठी लावलेले वेगळे. माझ्या फळीवरच्या चारही वस्तू मी याच कसोटीवर ठेवते.

कॅनडात २००६ पासून प्रसाधनांच्या वेष्टनावर सर्व घटक छापणे बंधनकारक आहे. जो घटक अधिक, तो आधी, असा त्यांचा साधारण क्रम असतो. पारा प्रसाधनांत निषिद्ध आहे, तरीही बिनलेबलच्या डब्या माणसांच्या सामानातून सीमा ओलांडतात. नवे सॉफ्टवेअर बसवण्याआधी ते आणखी कशाकशावर अवलंबून आहे हे मी तपासते. चेहऱ्यावर काही लावण्याआधीही तेच करते. आता माझी बहीणही करते. दृक्संवादावर ती बाटली उलटी धरते आणि विचारते, “ताई, यात तिसरे नाव कशाचे आहे गं?”

परंतु लेबल वाचून सुटणारा हा प्रश्न नाही, कारण तिने ती नळी हौसेने आणली नव्हती. आपल्या वधू-वर परिचयाच्या अर्जांकडे पाहा. धर्माच्या रकान्यात आपण अभिमानाने ‘बौद्ध’ लिहितो. त्याखाली दोन-तीन ओळींवर दुसरा रकाना असतो: ‘वर्ण’. तिथे गोरा, गव्हाळ, सावळा यांपैकी एक शब्द भरायचा असतो. ज्या शब्दाविरुद्ध आपल्या तीन पिढ्या लढल्या, तोच शब्द आपण आपल्या मुलींच्या चेहऱ्यापुढे छापतो आणि त्यात काही वावगे आहे असे आपल्याला वाटत नाही. जातीचा त्वचेच्या रंगाशी किंवा वंशाशी संबंध जोडता येत नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या ग्रंथात सप्रमाण मांडले होते. तरीही गोरेपण म्हणजे वरचढपण, हा व्यवस्थेने दिलेला धडा आपण अजून गिरवतो आहोत, आणि साता समुद्रांपलीकडे येतानाही तो सोबत आणला आहे. इथल्या समूहांतही परिचयपत्रे फिरतात. त्यांतही हा रकाना मी पाहिला आहे.

माझी सूचना छोटी आहे. टोरॉन्टो असो, व्हॅन्कूव्हर असो वा कॅल्गरी, आपल्या समूहाचा पुढचा परिचयअर्ज तयार होईल तेव्हा तो रकाना काढून टाकावा. त्यासाठी ठराव नको, निधी नको; एक ओळ खोडायची आहे. मुलगी शिक्षण, काम, स्वभाव, आवड यांविषयी लिहील, आणि वाचणाऱ्याला तेवढ्यावर भागवावे लागेल. तेल, मलम, सनस्क्रीन आपल्याला दुकानातून विकत आणता येते. हा रकाना मात्र आपल्याच हातांनी पुसावा लागेल.