लक्ष्याची जागा

सांगलीजवळच्या आष्ट्याच्या आसपास ऊस चिक्कार, त्यामुळे पाण्याच्या मोटारी जळण्यालाही तोटा नाही. जळालेली मोटर दुचाकीच्या मागे बांधून शेतकरी गावात येतो आणि रिवायंडिंगच्या दुकानासमोर उतरवून सांगतो, "मिस्त्री, उद्याच्याला पायजे, पाळी आलीया." अशाच एका दुकानात पंचेचाळिशीतले एक मिस्त्री बसतात. त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर गणपतीची तसबीर आहे आणि तिच्या शेजारी लक्ष्मीकांत बेर्डे यांचा फोटो, एका दिवाळी अंकातून कापून काढलेला. सकाळी दुकान उघडलं की उदबत्ती आधी गणपतीपुढे फिरते, मग लक्ष्यापुढे. कुणी त्यावर हसत नाही. आष्ट्यात लक्ष्या कोण, हे सांगावं लागत नाही.

'झपाटलेला' या चित्रपटाचा तिसरा भाग येणार, ही दिग्दर्शक महेश कोठारे यांची घोषणा मिस्त्रींनी मोबाइलवर वाचली तेव्हा ते उठून उभे राहिले होते. मग पुढची बातमी आली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने लक्ष्याला पुन्हा पडद्यावर आणण्याचा विचार आहे. ते परत खाली बसले. हातातली तांब्याची तार गुंडाळायची तशीच राहिली. त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात जे चाललंय ते एकट्या त्यांचं नाही. 'झपाटलेला' बघत वाढलेल्या महाराष्ट्रातल्या पुष्कळ माणसांच्या मनात तेच आहे.

मिस्त्रींनी 'झपाटलेला' पहिल्यांदा पाहिला तो उलटा. चित्रपट १९९३चा. गणपतीत गल्लीच्या मंडळाने भाड्याचा प्रोजेक्टर आणून रस्त्यावर पडदा बांधला. समोरची सगळी जागा बायामाणसांनी आधीच पोती टाकून धरलेली. उशिरा आलेली पोरं पडद्याच्या मागच्या बाजूला गेली. धोतराच्या कापडासारखा पातळ पडदा, चित्र मागूनही दिसायचं, फक्त डावं ते उजवं होऊन. श्रेयनामावली आरशात दिसावी तशी आली, एक अक्षर लागलं नाही. पण लक्ष्या आला, बाहुला बोलला, लक्ष्याची बोबडी वळली आणि पडद्याच्या पुढची गर्दी आणि मागची पोरं एकाच क्षणी हसली. उलटा दिसला तरी लक्ष्याचा हशा सुलटच यायचा.

या चित्रपटाची गंमत कुठे आहे हे मिस्त्री मोटर खोलावी तसं खोलून सांगतात. लक्ष्या बोळके हा शब्दभ्रमकार, म्हणजे ओठ न हलवता बाहुल्याला बोलतं करणारा कलाकार. पोलिसांच्या गोळीने मरणारा गुंड तात्या विंचू बाबा चमत्कारकडून मिळवलेल्या मंत्राच्या जोरावर आपला आत्मा एका बाहुल्यात सोडतो आणि तो बाहुला लक्ष्याच्या घरी येतो. आता बाहुला खरोखर बोलतो, शिव्याशाप देतो, जिवावर उठतो. पण लक्ष्या हे कुणाला सांगणार? ज्याचा धंदाच बाहुल्या बोलत्या करण्याचा, त्याच्या तोंडून "बाहुला बोलतोय" हे ऐकून कोण घाबरेल? सगळा चित्रपट या एका पेचावर चालतो. भुताची गोष्ट बेतणारे खूप असतात. ज्याच्यावर कुणीच विश्वास ठेवणार नाही, नेमका असाच माणूस निवडणं ही पटकथेची खरी करामत.

मूळ कल्पना अमेरिकेतली. १९८८ साली 'चाइल्ड्स प्ले' आला, त्यातला चकी नावाचा बाहुला असाच खुन्याच्या आत्म्याने पछाडलेला. पण तिथे बाहुला जातो एका लहान मुलाच्या हातात आणि चित्रपट भीतीचा होतो. कोठाऱ्यांनी तो लक्ष्याच्या हातात दिला. दिलीप प्रभावळकरांनी तात्या उभा केला आणि बाहुल्याला आवाजही त्यांचाच. बाहुला घडवला आणि चालवला रामदास पाध्यांनी. उसनी घेतलेली गोष्ट या तिघाचौघांच्या अंगच्या कसबाने इथली झाली, इतकी की चकी कोण हे आष्ट्यातल्या कित्येकांना तात्या विंचूनंतर कळलं.

आणि ती इथली होती, याला आणखी एक कारण आहे. आष्ट्याहून बसने थोड्या वेळात सांगली येते. त्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' हे नाटक उभं केलं आणि मराठी रंगभूमी सुरू झाली. सूत्रधाराच्या मागोमाग विदूषक येऊन लोकांना हसवायचा, ही भाव्यांच्या खेळाची रीत. याच भाव्यांनी लाकडी बाहुल्याही केल्या होत्या. त्या जुन्या बाहुल्या काळाच्या ओघात मोडकळीला आल्या, पुढे रामदास पाध्यांकडे पोचल्या आणि त्यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा नाचत्या केल्या. रामदासरावांचे वडील यशवंत पाध्ये हे अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याचे जनक. म्हणजे सांगलीच्या विदूषकाची आणि सांगलीच्या बाहुल्यांची वाट फिरत फिरत १९९३च्या पडद्यावर येऊन मिळाली. मिस्त्रींना ही गोष्ट कळली तेव्हा त्यांनी दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आठवडाभर सांगितली.

शब्दभ्रमाचं एक तंत्र इथे सांगण्यासारखं आहे. प, फ, ब, भ, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय उमटत नाहीत. कलाकाराला ती जिभेने, दातांच्या आडून भागवावी लागतात, आणि ऐकणाऱ्याचा कान चूक दुरुस्त करून घेतो. 'तात्या विंचू' हे नाव म्हणून पाहावं. एकदाही ओठ मिटत नाहीत. 'अर्धवटराव' म्हणताना मिटत नाहीत, 'लक्ष्या' म्हणतानाही नाही. हा योगायोग असेल, पण बाहुल्याच्या तोंडी बसायला यापेक्षा सोयीची नावं मिळणं कठीण.

आता लक्ष्या. २६ ऑक्टोबर १९५४चा जन्म, मुंबईतला. मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करता करता छोट्या भूमिका मिळवणारा हा मुलगा पुरुषोत्तम बेर्डे यांच्या 'टुरटुर' नाटकाने वर आला. १९८४ला 'लेक चालली सासरला', १९८५ला कोठाऱ्यांचा 'धूमधडाका', १९८८ला सचिन यांचा 'अशी ही बनवाबनवी', ज्यात साडी नेसून तो पार्वती झाला. 'मैने प्यार किया' आणि 'हम आपके हैं कौन'मुळे हिंदी मुलखाने त्याला ओळखलं. पण लक्ष्या काय चीज आहे हे ज्याला बघायचं असेल त्याने १९९२चा 'एक होता विदूषक' बघावा. पटकथा पु. ल. देशपांड्यांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, आणि गोष्ट तमाशातल्या सोंगाड्याची. लोकांना हसवता हसवता माणूस आतून कसा रिकामा होत जातो हे लक्ष्याने त्यात काही दृश्यांत नुसत्या डोळ्यांनी दाखवलं. तिकीटबारीवर तो चित्रपट चालला नाही. प्रेक्षकांना फक्त हसवणारा लक्ष्या हवा होता. ही आपली, प्रेक्षकांची चूक, असं मिस्त्री मानतात, आणि ते बरोबर आहे.

१६ डिसेंबर २००४ला लक्ष्मीकांत बेर्डे गेले. पन्नाशी नुकतीच ओलांडली होती.

२०१३ला 'झपाटलेला २' आला, मराठीतला पहिला थ्रीडी चित्रपट म्हणून. तात्या परतला, प्रभावळकरांचा आवाज परतला, पाध्ये परतले. नायक लक्ष्याचा मुलगा आदित्य, भूमिकेत आदिनाथ कोठारे. मिस्त्री सांगलीला जाऊन, तो चष्मा लावून पाहून आले. बाहुला अंगावर आल्यासारखा वाटायचा, पोरं किंचाळायची. पण मिस्त्रींना आठवतं ते वेगळंच. तात्या काहीतरी बोलायचा आणि नंतर थोडी जागा मोकळी राहायची. तिथे पूर्वी लक्ष्याचं "आँ?" यायचं. थिएटरात त्यांच्यासारखे जे जुने प्रेक्षक होते ते त्या जागी मनातल्या मनात लक्ष्या भरून घेत होते. तरीही तो चित्रपट त्यांनी आपला मानला, कारण त्याने लक्ष्या नाही हे मान्य केलं होतं.

तिसऱ्या भागाच्या बातमीने हेच दुखतं. विनोदी नटाचं बळ त्याच्या चेहऱ्यात थोडं आणि वेळ साधण्यात फार. समोरच्या नटाने वाक्य टाकलं की लक्ष्या क्षणभर थांबायचा, आवंढा गिळायचा, नजर एकदा प्रेक्षकांकडे आणि एकदा दाराकडे, मग एका श्वासात दहा वाक्यं. त्या थांबण्याची लांबी दर वेळी वेगळी असायची, कारण समोरचा माणूस वेगळा, त्या दिवशीची हवा वेगळी. नाटकाच्या फळीवर रोजचं थिएटर बघून जे अंगात मुरतं ते हे. यंत्राला लक्ष्याचे सगळे चित्रपट दाखवले तरी त्याला मिळतील ती लक्ष्याने देऊन झालेली उत्तरं. नवा प्रसंग, नवं वाक्य समोर आलं की तो काय करेल, हे कोठाऱ्यांनाही चित्रीकरणापूर्वी ठाऊक नसायचं.

परदेशात हे घडून गेलंय. 'पिंक पँथर' मालिकेतला इन्स्पेक्टर क्लूझो म्हणजे पीटर सेलर्स. १९८०ला सेलर्स गेले. दोन वर्षांनी आधीच्या चित्रपटांतली कापून टाकलेली दृश्यं जोडून 'ट्रेल ऑफ द पिंक पँथर' काढण्यात आला. सेलर्सच्या पत्नीने लंडनमध्ये खटला भरला आणि जिंकला. त्यात निदान दृश्यं तरी सेलर्सनेच केलेली होती. २०१६च्या 'रोग वन'मध्ये तर १९९४ला वारलेल्या पीटर कुशिंगचा चेहरा संगणकाने दुसऱ्या नटाच्या चेहऱ्यावर चढवला. आणि चकीचीच गोष्ट घ्या. २०१९ला 'चाइल्ड्स प्ले' नव्याने केला तेव्हा आत्मा काढून टाकला. बाहुला बिघडलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे खुनी होतो असं दाखवलं. मूळ चकीचा आवाज ब्रॅड डुरिफ यांचा, तो त्यात नव्हता. मूळ लेखकाने २०२१ला मालिका काढली तेव्हा डुरिफ परत आले आणि चाहतेही त्यांच्यामागे आले.

मिस्त्रींची मुलगी अकरावीत आहे. तिचं म्हणणं उलट. "पप्पा, तुम्ही लक्ष्याला नव्या पिक्चरला बघितलंय. आम्ही कधी बघायचा?" तिच्या पिढीला लक्ष्या कळला तो मोबाइलवरच्या तुकड्यांतून आणि व्हॉट्सॲपच्या स्टिकरांतून. तिच्या वर्गातली मुलं थिएटरात लक्ष्याच्या नावाने शिट्टी मारायला आतुर आहेत, आणि त्यात खोटं काही नाही. मिस्त्रींनी तिला बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग समोरची मोटर दाखवली. जळालेली कॉईल काढून नवी बसवली, वार्निश लावलं, की मोटर पुन्हा पाणी उपसते, कारण तिचं काम पहिल्यापासून ठरलेलं असतं. तात्या विंचू असा पुन्हा बांधता येतो. तो बाहुलाच आहे, त्याला नवा हात, नवा आवाज, नवं तंत्र सगळं चालेल. लक्ष्याचं काम असं ठरलेलं कधीच नव्हतं.

त्याहून मोठी गोष्ट ती स्वतःच बोलली. "म्हणजे तात्याला लक्ष्याच्या अंगात शिरायचं असतं, तसंच की हे." पहिल्या चित्रपटात तात्याची सगळी धडपड त्यासाठीच असते. ज्या माणसाला त्याने आपलं गुपित पहिल्यांदा सांगितलं त्याच्या देहात शिरलं तरच त्याची बाहुल्यातून सुटका, आणि तो माणूस लक्ष्या. चित्रपटभर आपण सगळे जीव मुठीत धरून बसतो ते लक्ष्याच्या देहात दुसरं कुणी शिरू नये म्हणून. भुवयांच्या मधोमध गोळी लागते आणि लक्ष्या लक्ष्याच राहतो, तेव्हा कुठे गल्ली टाळ्या वाजवते.

जुने दिवस परत आणायचे तर जे आहेत त्यांना आणावं. २०२४ला सचिन यांनी 'नवरा माझा नवसाचा २' काढला. पहिल्या भागातली एसटी गेली, कोकण रेल्वे आली, आणि वीस वर्षांपूर्वी कंडक्टर झालेले अशोक सराफ आता तिकीट तपासनीस. वय चेहऱ्यावर दिसत होतं, चाल सावकाश झाली होती, पण वेळ साधण्याची ती जागा त्यांची स्वतःची होती, त्या दिवशी, त्या डब्यात घेतलेली. हशा आला तो त्यांच्यासाठी आला.

कोठाऱ्यांनी 'झपाटलेला ३' जरूर करावा, तात्याला वाटेल तसा पेटवावा, आणि लक्ष्याला एखाद्या फोटोत, त्याच्या आईच्या तोंडच्या एखाद्या वाक्यात राहू द्यावं. त्याच्या तोंडी नवं वाक्य घालू नये, एवढीच आष्ट्याच्या एका दुकानातून विनंती.

आणि एक विनंती गावोगावच्या मंडळांना. येत्या गणपतीत एका रात्री डीजे बंद ठेवून १९९३चा 'झपाटलेला' लावा. पडदा पातळ बांधा, म्हणजे उशिरा आलेल्या पोरांना मागूनही दिसेल.