गालाच्या आतलं अस्तर

सावजीच्या रश्श्याचा पहिला घास तोंडात गेला की त्याची गाठ आधी हिच्याशी पडते. गालाच्या आतली ही मऊ, ओलसर, गुलाबी कातडी. शाळेच्या पुस्तकात हिचं नाव स्तरित पट्टकी अभिस्तर ऊती. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि तेवढ्यात पेशींचे चाळीस-पन्नास थर.

हिचं कुळ मोठं आहे. थोरली बहीण अंगावरची त्वचा. मेलेल्या पेशींचा कोरडा थर वर घेऊन ती नागपूरचा मे महिना काढते. फुप्फुसातली एकेरी आणि इतकी पातळ, की प्राणवायू आरपार जावा. श्वासनलिकेतलीला बारीक रोम, ते धूळ वर लोटत असतात. रूपं निराळी, पण शिस्त एकच: पेशी एकमेकींना खेटून, वरची बाजू मोकळी, खाली तळाचा पडदा. आणि आत रक्तवाहिनी एकही नाही. पडद्याखालच्या संयोजी ऊतीतून जे पाझरून येईल, त्यावर हिनं जगायचं.

गालातली ही मोठी उदार. तळाच्या पेशी विभागत राहतात, जुन्या वर सरकतात, चपट्या होतात आणि थुंकीबरोबर निघून जातात. दोनेक आठवड्यांत सगळं अस्तर नवं. कॉलेजात टूथपिकने गाल खरवडून, मिथिलीन ब्ल्यूचा थेंब टाकून आपण जी पेशी पाहतो, ती अशी निघालेलीच असते: फिकट निळी, कडेला दुमडलेली, मधोमध केंद्रकाचा गडद ठिपका. जेवताना गाल चावला गेला, तर चार-सहा दिवसांत ही जखम बुजवून मोकळी होते.

इतक्या सोशिक जिवाच्या वाट्याला आपल्या नागपुरात काय येतं? खर्रा. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून देतात. 2012 साली राज्यात गुटखाबंदी आली, पण घोटण्याचा आवाज काही थांबला नाही. चुना हिला पोळतो, सुपारीचे तुकडे खरचटतात. तेवढं ही भरून काढते. खरा घात तळाच्या पडद्याखाली होतो. सुपारीतल्या अरेकोलिनमुळे तिथे कोलॅजनचे धागे साचतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात. जिथून पोषण यायचं ती जमीनच कडक होते. ही पातळ होते, पांढुरकी पडते. मग माणूस सांगतो, "तिखट खाल्लं का तोंड झोंबते." पुढे तोंड उघडेनासं होतं. मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात असे रुग्ण येतात, आणि त्यांत कॉलेजात जायच्या वयाची पोरं असतात, हे पाहवत नाही.

याच अस्तरातल्या काही पेशी बिघडतात, बेबंद वाढतात आणि तळाचा पडदा ओलांडतात, तेव्हा त्याला कर्करोग म्हणतात. माणसाला होणारे बहुतेक कर्करोग याच कुळातले.

आपली तीन बोटं उभी धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये जातात का, हे घरीच पाहता येतं. जात नसतील तर खर्रा त्याच दिवशी टाकावा आणि दातांच्या डॉक्टरांकडे जावं. शस्त्रक्रिया करून, महिनोन्महिने व्यायाम करून तोंड थोडंफार उघडता येतं. पण खाली साचलेले धागे आपोआप विरत नाहीत.