गवियरच्या तळ्याकाठी

सुरतेचे नाव निघाले की मराठी माणसाला प्रथम आठवतात त्या शिवछत्रपतींच्या दोन स्वाऱ्या, १६६४ सालची आणि १६७० सालची. त्यानंतर घारी, पोंक आणि उंधियू. सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण, अशी म्हणच गुजरातीत आहे. परंतु पिढ्यान्‌पिढ्या या भागात राहिलेल्या आपल्यासारख्यांना सुरत म्हणजे तापी. खान्देशातल्या आजोळी जाताना भुसावळच्या आसपास जिचे दर्शन घेऊन हात जोडायचे, तीच सूर्यकन्या येथे सागराला भेटायला येते, याचे लहानपणी मला फार अप्रूप वाटे.

हिवाळ्यात तापीच्या पात्रावर कुरव पक्ष्यांचे थवे उतरतात आणि सुरतकर त्यांना मोठ्या कौतुकाने गाठिये खाऊ घालतात. कॅमेरा गळ्यात अडकवलेली मंडळी तेव्हा पहाटेपासून काठावर गर्दी करतात. ती छायाचित्रे सुंदर येतात यात शंका नाही. पण त्यांत संसार नसतो. कुरवांचा संसार दूर उत्तरेकडे, उन्हाळ्यात. पिले आणि त्यांचे आईबाप पाहायचे असतील तर ऋतू वेगळा निवडावा लागतो आणि जागाही वेगळी.

ती जागा म्हणजे गवियरचे तळे. डुमसच्या वाटेवर, विमानतळाच्या शेजारी हे तळे आहे. ‘नेचर क्लब सुरत’ या संस्थेने त्याची जोपासना केली आहे. बांधावर झाडी, पाण्यात पाणवनस्पतींचे गालिचे, आणि त्यांवर अडई बदके, हळदीकुंकू बदके, जांभळ्या पाणकोंबड्या, टिबुकल्या आणि कमळपक्षी. माथ्यावरून विमान गडगडत जाते तेव्हा यांपैकी एकही मान वर करीत नाही. मात्र एखादा माणूस बांधावर उभा राहिला की शंभर माना एकदम वळतात! हा अनुभव ज्याने एकदा घेतला त्याला पक्ष्यांच्या छायाचित्रणातला निम्मा धडा मिळाला असे समजावे.

मला तो धडा फार उशिरा मिळाला. काही वर्षांपूर्वी, वैशाखात, तळ्यापासून थोड्या अंतरावरच्या पडीक रानात मला टिटवीची पिले आढळली. टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते, बहुधा चार. सुमारे चार आठवडे नरमादी आळीपाळीने ती उबवतात. (टिटोडीने अंडी किती उंचावर घातली यावरून पाऊसमानाचा अंदाज बांधणारे शेतकरी गुजरातेत अजूनही भेटतात.) पिले अंड्यातून बाहेर पडताच काही तासांत चालू लागतात आणि आईबापांनी धोक्याचा इशारा दिला की जमिनीला चिकटून निपचित पडतात. ढेकूळ कोणते आणि पिलू कोणते, हे चार पावलांवरूनही कळत नाही. मी भर उन्हात पुढे पुढे सरकत गेलो. टिटवी पंख पसरून, चोच उघडून माझ्यासमोर उभी राहिली. मागे दोन पिले मातीला बिलगलेली. मी पंचवीसतीस छायाचित्रे घेतली. त्यांतले एक इतके ठसठशीत आले की मोठे करवून, चौकट लावून दिवाणखान्यात टांगले.

पाहुणे वाहवा करीत. मायेची पाखर, असे नावही कोणीतरी त्या चित्राला दिले. मग एकदा आत्या राहायला आली. तिने चष्मा पुसून चित्र बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाली, “अरे, ही तुझ्यावर ओरडते आहे. आणि लेकरं उन्हात पडलीत की रे!”

मी काही उत्तर दिले नाही. रात्री सगळी छायाचित्रे पुन्हा क्रमाने पाहिली. पहिल्या आणि शेवटच्या छायाचित्रात चाळीस मिनिटांचे अंतर होते. वैशाखातल्या त्या उन्हात टिटवी आपले पोट पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांना, पिलांना गारवा देते, हे मी पुस्तकात वाचलेले होते. त्या चाळीस मिनिटांत ती एकदाही पाण्याकडे गेली नव्हती, जाणार कशी? मी वाटेत बसलो होतो. ती पिले वाचली की नाही हे मला कधीच कळले नाही. दुसऱ्या दिवशी पाहायला गेलो तेव्हा तेथे काहीच नव्हते, आणि त्यावरून बरेवाईट दोन्ही अर्थ निघत होते. चित्र मी भिंतीवरून उतरवले.

हा दोष नव्या काळाचाच आहे असेही नव्हे. रिचर्ड आणि चेरी किअर्टन या इंग्रज बंधूंनी १८९५ साली पक्ष्यांच्या घरट्यांवर एक पुस्तक काढले. त्यातली सगळी चित्रे प्रत्यक्ष छायाचित्रे होती, आणि असे ते पहिलेच पुस्तक. पुढे पक्ष्यांना संशय येऊ नये म्हणून या भावांनी बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल तयार करवला आणि त्याच्या पोटात शिरून छायाचित्रे घेतली. आपल्याला हसू येते. पण पक्ष्याला आपण दिसता कामा नये, एवढे त्यांना पक्के कळले होते. एरिक हॉस्किंग या नामवंत छायाचित्रकाराला मात्र १९३७ साली घरट्यापाशी घुबडाने झडप घातली आणि एका डोळ्याला मुकावे लागले. घुबडाची बाजू कोणी लिहून ठेवलेली नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची जी व्याख्या केली, तीत वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणे हेही धरले आहे. बंदूक न उचलताही शिकारी ठरता येते, ते असे. घरट्यासमोरची फांदी ‘जराशी’ बाजूला करणारे कितीतरी सज्जन मी पाहिले आहेत. तीच फांदी पिलांची सावली असते आणि कावळ्याच्या नजरेआडचा पडदाही असते.

त्यानंतर मी घरट्याचा नाद सोडला आणि तळ्याकाठी एका झाडाच्या आडोशाला बसू लागलो. पाणपक्ष्यांची पिले घरट्यात फार काळ राहत नाहीत, हे आपले भाग्य. ती आईबापांमागून हिंडतात, आणि आपण एका जागी स्थिर बसलो तर कधी ना कधी आपल्यासमोरून जातात. उजाडण्यापूर्वी जाऊन बसावे, म्हणजे पक्षी आपल्याला येताना पाहत नाहीत. कॅमेरा शक्य तितका पाण्याच्या पातळीजवळ ठेवावा. उभ्याने घेतलेल्या चित्रात पिलू म्हणजे पाण्यावर पडलेला एक ठिपका दिसते. त्याच्या डोळ्याच्या उंचीवर उतरलो तर तेच पिलू कोणीतरी होते.

खरी अडचण असते ती दोघांना एकाच वेळी स्पष्ट टिपण्याची. चारशे मिलिमीटरच्या लेन्सने दहा मीटरवरचे चित्र एफ ५.६ वर घेतले तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम वीतभर असतो. बाप स्पष्ट आणि पिलू धूसर, किंवा उलट. छिद्र लहान करून एफ ११ वर गेले तर दोन वितींपर्यंत मजल जाते, पण पावसाळी उजेडात ते परवडतेच असे नाही. मग उपाय एकच: दोघे आपल्यापासून सारख्या अंतरावर येईपर्यंत थांबणे. नेम धरायचा तो पिलाच्या डोळ्यावर. बाप थोडा धूसर झाला तर चालतो, पिलू नाही. ढगाळ हवेला कंटाळू नये. कडक उन्हात पांढरी पिसे करपल्यासारखी येतात आणि काळ्या अंगात काहीच उरत नाही. श्रावणातल्या मऊ प्रकाशात दोन्ही सांभाळली जातात. टिबुकलीच्या पाठीवर बसलेली पट्टेरी डोक्याची पिले पाहायची ती अशाच उजेडात. आई बुडी मारते आणि पिले बुचासारखी वर येऊन इकडेतिकडे पाहत राहतात.

आई आपल्याकडे टक लावून पाहू लागली, ओरडू लागली किंवा चारा चोचीत धरून नुसतीच उभी राहिली, तर कॅमेरा खाली ठेवून मागे सरावे. हा नियम मी कोणत्याही पुस्तकातून घेतलेला नाही, आत्याकडून घेतला आहे.

गेल्या भाद्रपदात सलग सहा सकाळी तसाच बसलो. पाच सकाळी काही मिळाले नाही, डास मात्र भरपूर. सहाव्या दिवशी गालिच्यासारख्या पानांवरून तांबूस पंखांचा कमळपक्षी चालत आला. या जातीत अंडी उबवणे आणि पिले वाढवणे हे सारे बापाचे काम. मादी अंडी देऊन दुसऱ्या नराकडे जाते. त्याच्यामागे चार पिले होती. वर घार आली. बापाने हलकेच साद दिली, खाली बसला, पंख जरा उचलले, आणि पिले त्याखाली शिरली. मग तो उठून संथपणे चालू लागला, पंखांखालून पिलांचे लांबलचक पाय लोंबकळत असलेला. त्याने माझ्याकडे एकदाही पाहिले नाही.

ते चित्र आत्याला नेऊन दाखवले. तिने पुन्हा चष्मा पुसला, कागद उजेडात धरला आणि बोटाने पाय मोजू लागली. “बापाचे दोन, आणि हे... सहा. चौथं कुठंय रे?”

मी पुढचे चित्र काढून दिले. चौथे पिलू मागे एका पानावर उभे होते, आणि बाप त्याच्यासाठी थांबला होता.