पाकिटावरची तारीख

मंडळी, औषधाच्या पाकिटावरची तारीख ठरवतं कोण? सत्तरी उलटेपर्यंत मला हा प्रश्न पडला नव्हता. माझी एक जुनी विद्यार्थिनी औषधांच्या कारखान्यात ‘स्टॅबिलिटी’ विभागात आहे. "बाई, आम्ही गोळ्या म्हाताऱ्या करून बघतो," ती म्हणाली. मी मराठीची बाई, पण तिने नीट समजावलं.

गोळ्या त्यांच्या पाकिटासकट ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या कपाटात सहा महिने ठेवतात. मधूनमधून काढून औषध किती उरलं, मोडतोडीतून नवीन काय तयार झालं, ते एचपीएलसी नावाच्या यंत्रावर मोजतात. शिवाय दुसऱ्या कपाटात, नेहमीच्या हवेत ठेवल्यासारख्या, वर्षानुवर्षं. त्यावरून तारीख ठरते.

पेनिसिलिनच्या कुळाचं वैर पाण्याशी! त्यांच्या रेणूत चार अणूंची एक कडी असते, बीटा-लॅक्टम. पाण्याने ती तुटली की औषध जंतूंपुढे निकामी. कोरडं असलं तर टिकतं. म्हणून तर लहान मुलांचं अमॉक्सिसिलिन भुकटीच्या रूपात मिळतं. बाटलीत पाणी घातलं, की आयुष्य उरतं आठवडा-दोन आठवडे. त्याच्या जोडीला येणारं क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल तर दमट हवेला आणखीच भितं, म्हणून त्या गोळ्या जाड अॅल्युमिनियमच्या पट्टीत असतात.

आता आमच्या घरातली गोष्ट. धाकटी जाऊ रत्नागिरीला असते. सगळ्या गोळ्या पट्टीतून काढून कप्प्यांच्या डबीत भरायची तिला सवय. गेल्या श्रावणात भावोजींच्या पायाला जखम झाली, त्यात त्यांना मधुमेह. हिने मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या काढल्या. मला फोनवर म्हणते, "वहिनी, तारीख अजून आहे की!"

म्हटलं, "अगं, ती तारीख बंद पट्टीची. तुझ्या डबीत, कोकणातल्या पावसात, या गोळीची परीक्षा कुणी घेतली?" गोळी दिसायला तशीच असते. आत औषध कमी झालेलं डोळ्यांना कळत नाही. आणि अर्ध्यामुर्ध्या मात्रेने चिवट जंतू जगतात, तेच पुढे वाढतात. मधुमेह्याच्या पायाशी असला खेळ नको.

भावोजी त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी पू तपासायला पाठवला आणि वेगळंच औषध दिलं. पाय वाचला.

असो. तुमच्या घरातही अशी एखादी डबी असेल. आज जरा उघडून बघा, आणि गोळ्या पट्टीतच राहू द्या.