अनाश्रितांचा खेळ

सेंट पॉल ही अमेरिकेतील मिनेसोटा राज्याची राजधानी. पण या वस्तीचे जुने नाव होते ‘पिग्ज आय’, म्हणजे डुकराचा डोळा. एका गुत्तेवाल्याच्या टोपणनावावरून ते पडले होते. १८४१ साली एका फ्रेंच धर्मगुरूने तेथे ओंडक्यांचे छोटे देवालय उभारले आणि वस्तीला संताचे नाव लाभले. १९९३ च्या उन्हाळ्यात ‘सेंट पॉल सेंट्स’ या परंपरागत नावाने बेसबॉलचा नवा संघ मैदानात उतरला, तेव्हा पंचांना नवे चेंडू पोचविण्याचे काम त्याने डुकराच्या एका पिल्लावर सोपविले. गावाने टाकून दिलेले नाव असे संतांच्याच अंगणात परतले. दर मोसमाला नवे पिल्लू येते आणि त्याला एखादे श्लेषयुक्त नाव मिळते. त्यासाठी प्रेक्षकच नावे सुचवितात.

या थट्टेच्या मुळाशी एक गंभीर गोष्ट होती. हा संघ कोणाचाही आश्रित नव्हता. लहान गावांतील संघ मोठ्या संघांनी अंकित करून घ्यावेत, ही पद्धत १९२० च्या दशकात ब्रँच रिकी यांनी सेंट लुईसच्या संघासाठी घडविली. तिला ‘फार्म’, म्हणजे शेत म्हणतात, आणि शब्द नेमका आहे: पीक एका गावात वाढते, कापणीचा हक्क मात्र दुसऱ्या गावाचा. खेळाडूचे वेतन मोठा संघ देतो. म्हणून कोणी खेळावे, पिचरने किती चेंडू टाकावेत, हेही तोच ठरवितो. अजिंक्यपद दृष्टिपथात आलेले असताना गावाचा सर्वांत गुणी खेळाडू एका दूरध्वनीसरशी वर बोलावला जातो. गावाच्या जयापजयाला त्या हिशेबात फारसे स्थान नसते. प्रेक्षकाला गुण पाहावयास मिळतो, पण तो गुण त्याच्यासाठी नसतो.

माइल्स वुल्फ यांनी उभारलेली सहा संघांची ‘नॉर्दर्न लीग’ या व्यवस्थेच्या बाहेर होती. तिच्याकडे आले ते मोठ्या संघांनी न निवडलेले किंवा निवडून सोडून दिलेले खेळाडू. वेतन तुटपुंजे, अशा संघांतील खेळाडू कित्येकदा रसिकांच्याच घरी उतरतात. संघाचे सूत्रधार माइक वीक हेही टाकलेल्यांपैकीच. १९७९ मध्ये शिकागोच्या मैदानावर डिस्को संगीताच्या तबकड्या स्फोटाने उडविण्याची त्यांची कल्पना दंग्यात संपली, आणि बेसबॉलची दारे त्यांना अनेक वर्षे बंद झाली. १९९६ मध्ये व्यसनाने बदनाम झालेला डॅरिल स्ट्रॉबेरी येथे आला. २९ सामन्यांत १८ होमरन मारून तो पुन्हा न्यूयॉर्कला गेला. १९९७ मध्ये इला बॉर्डर्स या तरुणीने पुरुषांच्या या संघाकडून पिचर म्हणून चेंडू टाकला. मोठ्या व्यवस्थेत जी जोखीम कोणी पत्करली नसती, ती येथे सहज पत्करली गेली.

नदीपलीकडे मिनिआपोलिसमध्ये ‘ट्विन्स’ हा मोठा संघ त्या काळी छताखाली, कृत्रिम हिरवळीवर खेळत असे. दीर्घ हिवाळ्याच्या त्या प्रदेशात उन्हाळ्याची संध्याकाळ छताखाली काढणे म्हणजे एक प्रकारचे दारिद्र्यच. सेंट्सचे मिडवे स्टेडियम साधे, उघडे, रुळांलगतचे. मालगाडी जाऊ लागली की प्रेक्षक हात हलवीत. सिस्टर रोझालिंड ही ख्रिस्ती जोगीण बाकांमागे बसून लोकांचे खांदे चोळून देई. यांना ‘फॅन’ म्हणण्यात काही तरी कमी पडते. मराठीतील ‘चाहता’ एकतर्फी आहे, ‘भक्त’ फार नम्र आहे; ‘रसिक’ हाच त्यातल्या त्यात जवळचा, कारण रसिकाच्या उपस्थितीवाचून प्रयोग पुरा होत नाही.

हा खेळ नव्हे, जत्रा आहे, असा आक्षेप घेतला गेला, आणि तो सर्वस्वी खोटा नाही. डाव रंगात असताना दोन डावांमधील सोंगेच लक्षात राहावीत, असे कित्येकदा घडले असणार. परंतु सोंग संपल्यावर जो सामना पुढे सुरू होई तो जिंकण्यासाठीच खेळला जाई. पहिल्याच वर्षी सेंट्सने अजिंक्यपद मिळविले, आणि ते वाटून घ्यायला दुसरे कोणी नव्हते. जत्रेतले दैवत खरे होते, एवढे तरी मान्य करावे लागेल.

२०१५ मध्ये संघ शहराच्या मध्यभागी नव्या, देखण्या मैदानावर आला. पुढे मोठ्या बेसबॉलने आश्रित संघांची संख्या १६० वरून १२० वर आणली. अनेक गावांनी आपले संघ गमावले वा ते खालच्या दर्जाला गेले. सेंट्सला उलट बढती मिळाली. २०२१ पासून तो ट्विन्सच्या थेट खालच्या पायरीवरचा संघ झाला, आणि २०२३ मध्ये अशा अनेक संघांची मालकी असलेल्या एका कंपनीने तो विकत घेतला. खेळाचा दर्जा निःसंशय वाढला. उद्याचे नामवंत खेळाडू आज तेथे जवळून दिसतात. सौदा तोट्याचा होता असे कोणी म्हणू शकणार नाही, आणि त्यामुळेच काय गेले ते सांगणे अवघड होते.

डुक्कर अजूनही चेंडू घेऊन येते. पण उत्तम रंगात असलेला पिचर मध्येच थांबविला जातो, कारण नदीपलीकडे दोन दिवसांनी त्याची गरज पडणार असते. मांडीवर गुणपत्रक घेऊन पेन्सिलीने एकेक चेंडू टिपणारा जुना प्रेक्षक त्याच्या नावाखाली रेघ ओढतो आणि नव्या पिचरचे नाव विचारतो.